दूध-मटणाची तपासणी: जुहूच्या गल्लीत आणि आपल्या गावात

आज आम्ही बोलणार आहोत दूध आणि मटण कोण तपासतं, कसं तपासतं, याबद्दल. उदाहरण घेतलंय मुंबईतल्या जुहूचं. तिथं सकाळी दारात येणारं पिशवीतलं दूध बरंचसं कोल्हापूर, सांगली, नाशिककडच्या गोठ्यांतलं असतं. म्हणजे तुमच्यासारख्याच बायकांनी धार काढलेलं.

हे दूध वाटेत अनेकदा तपासलं जातं. गावच्या संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ मोजतात. डेअरीत ते ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात आणि पिशवीत भरतात. धोका असतो त्यानंतर. पिशवीचा कोपरा कापायचा, थोडं दूध काढायचं, पाणी भरायचं आणि पुन्हा चिकटवायची, हे प्रकार मुंबईतल्या छाप्यांत वारंवार सापडले आहेत. पाणी गढूळ असेल तर लेकरं आजारी पडतात, आणि बोल लागतो आपल्या दुधाला.

हे छापे घालतात राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी. २००६ चा अन्न सुरक्षा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्यानुसार नमुन्याचे चार भाग करून सील लावतात. एक भाग विश्लेषकाकडे जातो आणि त्याने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. माल कमी दर्जाचा निघाला तर पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

मटणाचं काम महापालिका बघते. देवनारच्या कत्तलखान्यात पशुवैद्यक जनावर आधी जिवंत तपासतात. कापल्यावर यकृत, फुप्फुसं आणि गाठी बघतात. मांस चांगलं असेल तरच शिक्का मारतात. तुकडे केल्यावर शिक्का दिसत नाही, म्हणून टांगलेल्या धडावरच तो बघून घ्यावा.

आता आपल्या गावचं. कायदा तोच आहे, आणि त्याच्या कलम ४० ने साध्या गिऱ्हाइकालाही हक्क दिलाय. घेतानाच दुकानदाराला सांगायचं, "हे आम्ही तपासून घेणार आहोत." मग फी भरून विश्लेषकाकडून अहवाल घेता येतो. दोष निघाला तर फी परत मिळते. एकटीला हे जड जाईल, बचत गटाला नाही.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. थोडं दूध उकळून थंड करा आणि त्यात आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळं झालं तर त्यात स्टार्च आहे. पण ते दूध पिऊ नका, ओतून टाका. आणि ही चाचणी पाणी किंवा युरिया पकडत नाही, हेही ध्यानात असू द्या.

पिशवीचा कोपरा दुमडलेला, जळका किंवा पुन्हा चिकटवलेला दिसला तर ती फोडू नका. तशीच थंड जागी ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या मोफत क्रमांकावर कळवा. फोडलेली पिशवी पुरावा म्हणून फारशी कामाची राहत नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत हा क्रमांक सगळ्याजणी लिहून घ्या.