धनुष्याची साइट: एक पिन की अनेक पिन?

शिकारीचे परदेशी रील्स पाहून कंपाउंड धनुष्य घेताय? आधी नेम धरायची साइट समजून घ्या.

अनेक पिनांच्या साइटमध्ये प्रत्येक पिन वेगळ्या अंतरासाठी लावलेली असते. जसं २०, ३०, ४० यार्ड. नेम झटपट लागतो, पण घाईत चुकीची पिन धरली जाऊ शकते. एकाच पिनेच्या साइटमधून समोरचं मोकळं दिसतं. मात्र अंतर बदललं की पिन सरकवावी लागते.

मुरबाड-शहापूरच्या जंगलात मात्र दोन्ही निरुपयोगी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय ससा किंवा रानडुक्कर मारणंही गुन्हा आहे. त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो.

मग धनुष्य कुठे चालवायचं? मैदानात. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३मध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात विश्वविजेती झाली. तिथे लक्ष्य ठरलेल्या ५० मीटरवर असतं, त्यामुळे एकच नेमबिंदू पुरतो.