शेतकऱ्याने बांधले, पाखरांनी वसवले



आपण गाव सोडून बाहेर पडतो ते कशासाठी? लग्नकार्याला, बाजाराला, दवाखान्याला, फार तर देवाला. रान पाहायला जाऊ म्हटले की घरातली वडीलधारी माणसे हसतात. ‘जन्म रानात गेला, आता आणखी कोणते रान पाहायचे?’ असे विचारतात. प्रश्न खोटा नाही. तरीपण यंदा सुगी आटोपली की मुलाबाळांना घेऊन दोन दिवस गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला जाऊन या, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तिथल्या रानात तुम्हाला शेतकऱ्याचाच हात दिसेल.

नवेगावबांध हे 1975 सालापासून राष्ट्रीय उद्यान आहे. साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू यांचे दाट जंगल, आणि त्याला लागून सुमारे 11 चौरस किलोमीटरचा तलाव. पाहणाऱ्याला वाटते, हा निसर्गानेच केला असेल. पण नाही! अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे सांगतात. ‘सात बहिणी’ नावाच्या डोंगरांमधल्या खिंडी मातीच्या पाळींनी बंद केल्या आणि पाणी अडवले. हेतू एकच, धानाला पाणी मिळावे. पाण्यामागून पाखरे आली, पाखरांमागून पाहणारे आले. लोकांनी कोलू पाटलांना कोलासुर देव मानले. हिवाळ्यात दूर देशांची बदके इथे उतरतात, ती एका शेतकऱ्याच्या पाळीमुळे, हे मुलांना जरूर सांगा.

जवळच नागझिरा अभयारण्य आहे. ते 1970 सालचे. 2013 साली नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, आणि 2023 साली ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी इथे आणून सोडण्यात आल्या. वाघ दिसला तर भाग्य म्हणा. नाही दिसला तरी गवा, सांबर, चितळ, रानकुत्री, अस्वल यांचे हे रान आहे. काहीतरी दृष्टीस पडतेच.

आता जे जंगलात नाही, तुमच्याआमच्या शेतात आहे, त्याबद्दल सांगतो. महाराष्ट्रात सारस पक्षी मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. माणसाएवढा उंच, करड्या रंगाचा, लाल मानेचा हा पक्षी जोडीने राहतो. पावसाळ्यात तळ्याकाठी किंवा थेट धानाच्या बांधीत गवतकाड्यांचा ढीग रचून घरटे करतो. अंडी बहुधा दोनच. ती उबवायला महिनाभर लागतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी त्या भागात नोकरीला होतो. एका शिवारात धानावर तुडतुडे दिसले. मी बांधावरूनच पाहिले आणि फवारणीचा सल्ला दिला. घरच्या आजी म्हणाल्या, “साहेब, बांधीत सारसाची जोडी बसली हाये. चार दिस थांबलं तं नाही चालन का?” मी घाई केली. दुसऱ्या दिवशी पंप घेतलेली माणसे बांधीत शिरली. जोडी उठली ती परत घरट्यावर आली नाही. आठ दिवसांनी मी पुन्हा गेलो, तेव्हा दोन अंडी तशीच थंड पडलेली होती. दोष त्या कुटुंबाचा नव्हता, माझा होता. चुडांच्या बुंध्याशी वाकून तुडतुडे मोजले असते, तर फवारणीची गरज होती की नाही तेही कळले असते.

तेव्हापासून मी दोन गोष्टी सांगत आलो आहे. चुडामागे पाच ते दहा तुडतुडे दिसेपर्यंत औषधाची घाई करू नका. आधी बांधीतले पाणी काढून पाहा. आणि घरटे दिसले तर तेवढा कोपरा महिनाभर सोडा. घरट्याखाली जाते ती थोड्याशा चुडांची जागा. कित्येक शेतकऱ्यांनी ती आनंदाने सोडली, म्हणूनच सारस अजून आहे. विजेच्या तारांत अडकूनही तो मरतो. निदान आपल्या हातून तरी मरू नये.

जायचे कसे? मुंबई-कोलकाता महामार्गावरच्या साकोलीहून नवेगावबांध आणि नागझिरा दोन्ही जवळ पडतात. रेल्वेने यायचे तर गोंदिया-बल्लारशा मार्गावर अर्जुनी मोरगावला उतरा. पावसाळ्यात जंगल बंद असते. डिसेंबर-जानेवारी पाखरांना उत्तम. निघण्यापूर्वी वनखात्याकडे प्रवेशाची व मुक्कामाची चौकशी करा. भडक कपडे नकोत, मोबाइलवर गाणी नकोत, प्लॅस्टिक टाकू नका. पहाटे गोंदियाजवळच्या परसवाडा किंवा झिलमिली तलावाकडे गेलात, तर नशिबाने सारस दिसेल. लांबूनच पाहा.

आणखी एक. या भागात गावोगाव असे जुने तलाव आहेत. पूर्वी ते मालगुजारांचे होते. 1951 साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. लोक आता त्यांना ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. पुष्कळ तलाव गाळाने भरले, बेशरमाच्या झुडपांनी वेढले. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांनी काही तलावांतली बेशरम उपटून काढली आणि देशी पाणवनस्पती लावल्या. मासे आणि पाखरे परत येऊ लागली. हे काम कोणालाही करता येण्यासारखे आहे.

तेव्हा सहलीहून परतलात की आपल्या गावच्या तळ्याच्या पाळीवर एकदा घरच्या मंडळींसह जा. गाळ किती साठला आहे, पाळ कुठे खचली आहे, पाखरे कोणती येतात, ते पाहा आणि येत्या ग्रामसभेत तो विषय काढा. कोलू पाटील आपल्यासारखेच शेतकरी होते, बरे का!