टिरफोरची पिन कच्ची का असते?

१ जूनला मासेमारीबंदी लागते. त्याआधी दांडी, देवबाग, आचऱ्याच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढायची घाई असते. ओढायला माणसं कमी पडली की टिरफोर, म्हणजे लिव्हर मारून तारेचा दोर ओढायचं हातयंत्र, कामी येतो. नेमकी चढावरच ‘कट्’ करून पिन तुटते, लिव्हर रिकामी हलू लागते आणि कुणीतरी सल्ला देतो, "पिन हलकी आसा, खिळो घाल!"

पिन हलकी असते ती मुद्दामच. लिव्हरचा जोर तिच्यातूनच आत जातो. १६०० किलोच्या यंत्रावर त्याहून बराच जास्त ताण आला की आधी ती कापली जाते आणि दोर, हूक आणि दोर धरणारे आतले जबडे वाचतात. खिळा किंवा बोल्ट घातला की तो टिकतो खरा, पण मग हूक सुटू शकतो किंवा दोर तुटू शकतो. ताणलेली तार तुटली की चाबकासारखी उलटते आणि लिव्हर मारणारा तिच्या टप्प्यातच उभा असतो. लिव्हरला पाइप जोडून जोर वाढवणं हाही तसलाच शहाणपणा.

पिन तुटली की होडी मागे घसरणार, ही भीती मात्र खोटी. भार जबड्यांनी धरलेला असतो, पिनेने नाही. उलटी लिव्हर पिनेवाचूनही चालते. आधी तिनेच दोर सैल करावा. मग सुंब्याने तुकडे ठोकून काढावेत, भोकं समोरासमोर आणावीत आणि त्याच मॉडेलची कंपनीची पिन बसवावी.

नवी पिनही लगेच तुटली तर दोष पिनेचा नाही, ओढण्याचा. होडीचा तळ ओल्या वाळूत रुतलेला असतो. वाळू उकरा, खाली ओंडके घाला. तरीही जड जात असेल तर होडीला कप्पी लावून दोर दुहेरी करा. यंत्रावरचा ताण जवळजवळ निम्मा होतो; होडी मात्र निम्म्याच वेगाने सरकते.

तेल घातलं की दोर निसटतो, हाही एक समज. भार जितका वाढतो तितके जबडे घट्ट आवळतात, त्यामुळे तेलाने पकड सुटत नाही. बिघाड करतात ती वाळू आणि खारी हवा. यंत्र रॉकेलमध्ये बुडवून धुवावं, सुकवावं आणि भरपूर गिअर ऑइल द्यावं. ग्रेफाइट किंवा मॉलिब्डेनम असलेलं वंगण तेवढं टाळावं.

काही मॉडेलांत जादा पिना यंत्राच्या मुठीत किंवा लिव्हरमध्येच ठेवलेल्या असतात. दोर लावण्याआधी तिथे एकदा बघून घ्या.