कोसा विणणारा पतंग

रायपूरच्या सदर बाजारात कोसा साडी घ्यायला जाल तर तिचा मधाळ, मातकट रंग नीट बघा. तो रंगवलेला नसेल, तर थेट पतंगाकडून आलेला आहे! त्याचं नाव अँथेरिया मायलिटा, आपला टसर पतंग. पंख पसरले की तळहातापेक्षा मोठा. मादी बहुधा पिवळसर, नर तपकिरी. चारही पंखांवर एकेक डोळा आणि त्याच्या मधोमध काचेसारखा पारदर्शक ठिपका. नराच्या मिशा अगदी पिसासारख्या. मादीचा गंध तो त्यांनीच हुडकतो.

छत्तीसगड, झारखंड, ओडिशा आणि आपले भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर हा त्याचा मुलूख. हिरवी अळी ऐन-अर्जुनाचा पाला खाते, बस्तरात सालाचाही. चार वेळा कात टाकून ती कोष विणते. हा कोष मला सगळ्यात विलक्षण वाटतो: आधी ती फांदीभोवती रेशमाचं कडं घालते, त्याला घट्ट देठ जोडते आणि मग खाली टणक कोष लटकवते. हिवाळी पिढी त्यातच उन्हाळा काढून पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर येते. पतंग विकराने कोषाचं टोक मऊ करून वाट काढतो. खाणं त्याला जमतच नाही. आठवड्याभराच्या आयुष्यात जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची.