पाच दिवसांची लढाई कशी मोजायची?

एखाद्या मुलखात बाहेरची फौज शिरली, तर तिला यश आलं की नाही हे कोणत्या दिवशी ठरवायचं? समोरच्याने शस्त्रं खाली ठेवली त्या दिवशी, दोन-तीन महिन्यांनी, की आठ-दहा वर्षांनी? बीड जिल्ह्याला हा प्रश्न विचारला, तर तिन्ही वेळी वेगळं उत्तर मिळतं. मला ही गोष्ट विलक्षण वाटते.

१९४८ साली बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि शेजारचा नगर जिल्हा स्वतंत्र भारतात. बीडमधल्या आष्टीहून नगरच्या बाजाराला निघालेल्या माणसाच्या खिशातला हाली शिक्का, म्हणजे निजामाचा रुपया, हद्द ओलांडताच बदलून घ्यावा लागे. भाव सात हालीला सहा कलदार, म्हणजे भारतीय रुपये. मग हा मुलूख परका होता का? वाद नेमका तोच होता. २१ ऑगस्टला हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये तिच्यावर बैठक भरली, तेव्हा भारतीय फौज आत शिरून तीन दिवस झाले होते. भारताचं म्हणणं एकच, हा घरचा मामला आहे. २२ तारखेला खुद्द निजामानेच तक्रार मागे घेतल्याचं कळवलं.

लष्करी हिशेब सरळ आहे. १३ सप्टेंबरला मेजर जनरल चौधरींची मुख्य तुकडी सोलापूरहून नळदुर्गमार्गे निघाली, दुसरी फौज उत्तरेकडून औरंगाबादवर उतरली. बीड या दोन वाटांच्या मधोमध. १७ तारखेला संध्याकाळी युद्धबंदी झाली, १८ला निजामाचे सेनापती एल एद्रूस शरण आले. पाच दिवसांत रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, बंदोबस्त झाला आणि संस्थानाच्या विलीनीकरणाची वाट मोकळी झाली. तुरुंगातून बाहेर आलेल्यांत मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ होते, कधीकाळी अंबाजोगाईच्या शाळेत शिकवणारे. रझाकारांच्या दहशतीत वर्ष काढलेल्या गावांना त्या दिवशी काय वाटलं असेल, ते मराठवाड्यातल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. मुक्तिदिन म्हणून १७ सप्टेंबरला लागणारा झेंडा खराच आहे.

पण जुनी सत्ता कोसळली होती आणि नवी अजून गावोगाव पोचली नव्हती. रझाकारांवरचा राग त्या मोकळ्या दिवसांत साध्या मुसलमान शेजाऱ्यांवर निघाला. खून झाले, लूट झाली, बायका पळवल्या गेल्या.

आणि मग जे घडलं ते जगाच्या इतिहासात फार क्वचित घडतं. जिंकलेल्या सरकारने आपल्याच विजयाची चौकशी करायला माणसं पाठवली. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचं पथक २९ नोव्हेंबरला, म्हणजे युद्धबंदीनंतर सुमारे दहा आठवड्यांनी, संस्थानात आलं. २१ डिसेंबरपर्यंत ते सोळापैकी नऊ जिल्ह्यांत हिंडलं. जिथे पोचणं जमलं नाही अशा १०९ गावांतली पाचशेहून जास्त माणसं बोलावून त्यांनी विचारलं. हलाखीच्या दिवसांत, कच्च्या रस्त्यांवरून, सुमारे तीन आठवड्यांत एवढं काम! त्यांनी मांडलेला अंदाज असा: संस्थानभर किमान २७ ते ४० हजार माणसं कारवाईच्या वेळी आणि नंतर मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत किमान १८ हजार. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक मिळून किमान पाच हजार.

हा अहवाल सरकारने कित्येक दशकं छापला नाही. पण त्यात एक नोंद आहे, आणि ती वाचून मी थबकलो. एका ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जिवावर उदार होऊन वाचवलं. हल्ला करणारेही हिंदूच होते. अशी माणसं कोणत्या रकान्यात मांडायची? लष्करी यशाच्या तक्त्यात त्यांना जागा नाही. मला विचाराल तर ती पहिल्या ओळीत हवीत.

तिसरा हिशेब संथ आहे. १९४९मध्ये जहागिरदारी गेली, १९५०मध्ये कुळांचा कायदा आला, १९५२च्या निवडणुकीत बीडच्या माणसाने प्रौढ मताधिकाराने मत दिलं. इकडे हरलेला निजाम १९५०पासून १९५६पर्यंत राजप्रमुख म्हणून कायम, आणि त्याचा हाली शिक्का १९५९पर्यंत चलनात! सत्ता पाच दिवसांत बदलली, खिशातला रुपया बदलायला अकरा वर्षं लागली.

सुंदरलाल पथकाच्या त्या पाच हजारांत एकट्या बीडचा वाटा किती, हे अहवाल वेगळं सांगत नाही. चार जिल्हे एका आकड्यात बांधले आहेत. या लष्करी कारवाईला तेव्हा 'पोलीस ॲक्शन' म्हणत, आणि 'पोलीस ॲक्शनच्या साली' असं म्हणून काळ सांगणारी माणसं मात्र अजून काही गावांत आहेत. तेव्हा आठ-दहा वर्षांची होती, ती आता पंच्याऐंशीच्या पुढची. कोण कुठे लपलं, कोणी दार उघडलं, कोणी नाही, हे त्यांच्याकडून गाववार लिहून घ्यायचं काम आजही होऊ शकतं. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी लिहून घेताना त्याच वहीत, त्याच बैठकीत तेही विचारता येईल.