बोलपटांचें संगीत : जुनें कीं नवें ?

ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, त्या घरांत वादाला विषय शोधावे लागत नाहींत. आमटींत गूळ किती असावा येथपासून मुलींनीं किती शिकावें येथपर्यंत अनेक प्रश्न अशा घरांतून चर्चिले गेले, आणि बहुतेकांचा निकाल काळानें लावून टाकला. परंतु एक प्रश्न मात्र प्रत्येक पिढी नव्यानें उकरून काढते. चित्रपटांतील संगीत पूर्वीचें चांगलें, कीं आतांचें ?

हा प्रश्न वरवर करमणुकीचा दिसतो. आम्हांसहि तो तसाच वाटत होता. परंतु गेल्या पावसाळ्यांत त्यानें आमच्या घरीं जें वळण घेतलें, तें पाहून त्याविषयीं चार शब्द लिहावे असें आमच्या मनानें घेतलें.

आमचे वडील बंधु, ज्यांस घरांत आम्ही दादा म्हणतों, ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांचा नातू महाविद्यालयांत शिकतो. लहानपणीं तो चार वर्षें तबला शिकला. पुढें तबला बाजूस ठेवून संगणकावर चाली बांधूं लागला. एके रात्रीं जेवणें चाललीं असतां त्यानें आपली एक नवी चाल मोठ्या उत्साहानें सर्वांस ऐकविली. दादांनीं ती अर्धीच ऐकली आणि ते म्हणाले, "अरे, हें संगीत नव्हे, हा गिरणीचा भोंगा आहे." मुलगा कांहीं बोलला नाहीं. मात्र दुसऱ्या दिवसापासून तो आपलें ताट आपल्या खोलींत नेऊं लागला. कानांत हेडफोन, समोर संगणक, दार लोटलेलें. महिनाभर आजोबा व नातू यांच्यांत 'हो' आणि 'नाहीं' यांपलीकडे बोलणें झालें नाहीं. वहिनींचा जीव दोघांच्या मध्यें टांगणीस लागला.

अखेर एका रविवारीं दुपारीं आम्हीं घरांतील सर्व मंडळींस दिवाणखान्यांत बसविलें आणि प्रत्येकानें आपलें म्हणणें मोकळेपणानें मांडावें असें सुचविलें.

दादांनीं आरंभ केला. त्यांच्या मतें चित्रपटसंगीत म्हणजे सुधीर फडके, वसंत पवार आणि नौशाद यांचा काळ. 'जगाच्या पाठीवर' हा १९६० सालचा चित्रपट घ्या. गदिमांचा एक शब्द तरी वाद्यांखालीं दडपला गेला आहे काय? आतां वाद्यें पुढें आणि शब्द मागें. शिवाय सर्व काम यंत्रांचें. वहिनींनीं 'साधी माणसं' या १९६५ सालच्या चित्रपटाचें नांव घेतलें. लता मंगेशकरांनीं 'आनंदघन' हें नांव धारण करून त्याला चाली दिल्या, आणि त्यांत कोल्हापूरकडच्या मातीचा वास आहे, असें त्यांचें म्हणणें. सूनबाईंनीं मधला मार्ग काढला. 'कट्यार काळजांत घुसली' हें १९६७ सालचें नाटक जितेंद्र अभिषेकींच्या संगीतानें गाजलें. २०१५ सालीं त्याचा चित्रपट झाला तेव्हां शंकर-एहसान-लॉय यांनीं जुन्या चालींच्या शेजारीं स्वतःच्या नव्या चाली बसविल्या, आणि त्या चित्रपटांतील गायनाबद्दल महेश काळे यांस राष्ट्रीय पुरस्कारहि मिळाला. जुनें आणि नवें एकाच ताटांत वाढलें तरी बाधत नाहीं, हें त्यावरून दिसतें, असें त्या म्हणाल्या.

नातू सर्वांत शेवटीं बोलला. त्यानें ए. आर. रहमान यांचा १९९२ सालचा 'रोजा' आणि अजय-अतुल यांचा 'जोगवा' यांचीं नांवें घेतलीं, आणि तो पुढें म्हणाला, "आजोबा, तुम्ही गाणीं ऐकतां. मी चित्रपट ऐकतों. दोन गाण्यांच्या मधल्या वेळांत जें वाजत असतें, त्याविषयीं तुमच्यापैकीं कोणीं एक शब्दहि काढला नाहीं."

मुलाचें हें बोलणें आम्हांस विचार करण्याजोगें वाटलें. परंतु दादा जुन्याच्या बाजूनें इतक्या आवेशानें बोलत होते, कीं प्रथम त्यांना त्यांच्याच बालपणाची आठवण करून देणें आम्हांस भाग पडलें.

आमचे आजोबा बालगंधर्वांचे निस्सीम भक्त. रेडिओवर चित्रपटगीत लागलें, कीं ते उठून त्याचा कान पिळीत. त्या काळीं सरकारचें मतहि त्यांच्याहून निराळें नव्हतें. १९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीमंत्री झाले. चित्रपटगीतें सवंग होत चाललीं असून पाश्चात्य चालींच्या आहारीं गेलीं आहेत, असा त्यांचा ग्रह होता. त्यांच्या कारकीर्दींत आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना प्रथम कात्री लागली, आणि पुढें निर्मात्यांशीं बिनसून तीं जवळजवळ नाहींशींच झालीं. श्रोते मात्र नाहींसे झाले नाहींत. ते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथें अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि दर बुधवारीं रात्रीं आठ वाजतां बारा वर्षांचे आमचे दादा शेजाऱ्यांच्या ओटीवर जाऊन बसूं लागले. आजोबांस तें कळलें तेव्हां काय झालें, तें येथें लिहिण्याचें कारण नाहीं. १९५७ सालीं सरकारनेंच 'विविध भारती' सुरू करून आपली चूक सुधारली.

यांतील गंमत अशी, कीं ज्या १९५२ सालीं चित्रपटगीतांवर भारतीय संगीताशीं फारकत घेतल्याचा ठपका आला, त्याच सालीं नौशाद यांचा 'बैजू बावरा' प्रदर्शित झाला. त्यांत उस्ताद अमीर खाँ आणि पंडित द. वि. पलुसकर यांचें गायन आहे. आज दादा ज्या काळास सुवर्णकाळ म्हणतात, तोच काळ आमच्या आजोबांच्या दृष्टीनें ऱ्हासाचा होता. प्रत्येक दशकांत शेंकडों गाणीं होतात. त्यांतील बरींचशीं काळाच्या चाळणींतून खालीं गळून जातात, आणि मागें उरलेल्या मूठभर गाण्यांची आपण चालू वर्षाच्या न चाळलेल्या पोत्याशीं तुलना करतों. ही तुलना न्यायाची नव्हे.

यंत्रांविषयींच्या आक्षेपाचेंहि तसेंच आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें सव्वातीन मिनिटेंच ध्वनि मावत असे. गाण्याची लांबी त्या तबकडीनें ठरविली. १९३५ सालीं रायचंद बोराल यांच्या संगीतानें नटलेल्या 'धूपछाँव' या चित्रपटांत पार्श्वगायनाची पद्धत आली, आणि गाणारा एक व ओठ हालविणारा दुसरा ही किमयाहि यंत्रानेंच साधली. ज्या आवाजावर दादांनीं आयुष्यभर प्रेम केलें, तो त्यांच्यापर्यंत यंत्रांतूनच पोंचला होता.

दादा सहजासहजीं हार जाणारे नव्हेत. त्यांनीं प्रभातच्या 'संत तुकाराम' या १९३६ सालच्या चित्रपटाचा दाखला दिला. त्यांतील एका अभंगाचा निर्देश करून ते म्हणाले, "तीनशें वर्षांपूर्वींची ही वाणी ! आजच्या कोणा कवीला असें लिहितां येईल काय ?" नातू हळूच म्हणाला, "आजोबा, तो अभंग तुकोबांचा नाहीं. तो त्या चित्रपटासाठीं शांताराम आठवले यांनीं लिहिला, आणि चाल केशवराव भोळे यांनीं दिली." दादांनीं तत्काळ फळीवरून गाथा काढली. दिवेलागणीपर्यंत ते पानें उलटीत होते. अभंग सांपडला नाहीं. तो तुकारामांचाच समजून चालणारे पुष्कळ लोक आहेत, हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु त्या क्षणीं बोलणें आम्हांस योग्य वाटलें नाहीं. रात्रीं पानावर बसतांना दादा एवढेंच म्हणाले, "आठवले फार मोठा माणूस." त्यानंतर आम्हांस आशा वाटूं लागली.

नातवाच्या बोलण्यांत जें तथ्य होतें, त्याची परीक्षा पाहावी म्हणून पुढील दोन रविवारीं दोन चित्रपट सर्वांनीं एकत्र बसून पाहावे असें ठरलें. दादांनीं 'कुंकू' निवडला, नातवानें 'सैराट'. नियम एकच ठेवला. संगीत आवडलें कीं नाहीं हें कोणीं सांगावयाचें नाहीं. तें कोठें सुरू झालें, कोठें थांबलें, आणि त्या वेळीं पडद्यावर काय चाललें होतें, एवढेंच सांगावयाचें.

'कुंकू' हा व्ही. शांताराम यांचा १९३७ सालचा बोलपट. नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारलेला आहे. तरुण नीरेचें लग्न फसवणुकीनें एका वृद्ध विधुराशीं लावलें जातें, आणि ती त्याला पति मानण्याचें साफ नाकारते. शांता आपटे यांनीं ही भूमिका केली. संगीत केशवराव भोळे यांचें. आमच्यापैकीं बहुतेकांनीं हा चित्रपट पूर्वीं पाहिलेला होता. तरी त्या दिवशीं एक गोष्ट प्रथमच ध्यानांत आली. प्रसंगामागें वाजणारीं, कथेच्या बाहेरचीं वाद्यें त्यांत जवळजवळ नाहींतच. घरांतील आवाज, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, माणसांचे श्वास, एवढ्यावरच प्रसंग उभे आहेत. वृद्ध नवऱ्याचें उरलेलें आयुष्य तें घड्याळच मोजून दाखवितें. ज्या काळीं बोलपट आणि गाणीं यांस लोक एकच समजत, त्या काळीं हें करण्यास मोठें धैर्य लागलें असलें पाहिजे.

नागराज मंजुळे यांचा 'सैराट' हा २०१६ सालचा. अजय व अतुल गोगावले या बंधूंचें त्याचें संगीत घरोघर पोंचलें, आणि त्यासाठीं अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें पाश्चात्य पद्धतीच्या मोठ्या वाद्यवृंदाचें ध्वनिमुद्रण करण्यांत आलें होतें. दादांस भीति होती ती गोंगाटाची. पूर्वार्धांत तीं दोन मुलें प्रेमांत पडतात, तेव्हां शेंकडों व्हायोलिनें वाजत आहेत असा भास होतो. आणि त्या वयाच्या मुलांना जग तसेंच भरून वाजत असतें, हें दादांनाहि मान्य करावें लागलें. मग कथा गांव सोडून शहरांत जाते, आणि संगीत हळूहळू मागें सरतें. शेवटीं जातीच्या अभिमानापायीं मुलीच्या माहेरचीं माणसें त्या दोघांचा बळी घेतात. त्यांचें तान्हें मूल रक्ताचीं पावलें उमटवीत घराबाहेर चालतें. तें रडत आहे हें डोळ्यांना दिसतें, परंतु कानांवर कांहींच येत नाहीं. वाद्य नाहीं, शब्द नाहीं, रडणेंहि नाहीं.

चित्रपट संपल्यावर बराच वेळ दिवाणखान्यांत कोणी हाललें नाहीं. प्रथम वहिनी बोलल्या. "दोन्ही चित्रपटांत घरच्याच माणसांनीं मुलीचें वाटोळें केलें. तेथें पेटी वाजवून कोणाचें समाधान करावयाचें ?" संगीतावरील अनेक लेख आम्हीं वाचले आहेत, इतकी नेमकी टीका त्यांत क्वचित् आढळली.

वहिनींच्या या वाक्यानें आम्हांस 'पाथेर पांचाली' या सत्यजित राय यांच्या १९५५ सालच्या चित्रपटाची आठवण झाली. त्याचें संगीत रविशंकर यांनीं सुमारें अकरा तासांच्या एकाच बैठकींत केलें, असें सांगतात. बाप परगांवाहून मुलीसाठीं साडी घेऊन येतो ; मुलगी तर गेलेली. आई हंबरडा फोडते, पण तिचा आवाज आपणांस ऐकूं येत नाहीं. त्याच्या जागीं तारशहनाईचा पटदीप ऐकूं येतो. येथें शांततेऐवजीं वाद्य आहे. परंतु न्याय तोच. दुःखाला काय शोभेल, तें पाहून सूर बोलविले आहेत किंवा दूर ठेवले आहेत.

आमच्या मतें चित्रपटसंगीताची खरी पारख हीच. चाल १९३७ सालची आहे कीं २०१६ सालची, तंबोऱ्यावर बांधली कीं संगणकावर, हें विचारण्यापूर्वीं ती ज्या जागीं ठेवली आहे त्या जागेचें काम करते कीं नाहीं, हें विचारावें. एकोणऐंशी वर्षांच्या अंतरानें झालेले दोन चित्रपट या एका प्रश्नासमोर शेजारीं शेजारीं बसतात. मग एका घरांतल्या दोन पिढ्यांना तसें बसतां येऊं नये काय? गाणें एकट्यानें ऐकण्याचेंहि सुख आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु दार लोटून ऐकलेलें गाणें आपली आवड तेवढी पक्की करतें. चौघांत ऐकलेलें गाणें तिची परीक्षा घेतें.

दुसऱ्या दिवशीं रात्रीं नातवाचें ताट पुन्हां आमच्या पंक्तीस आलें. दादांनीं भाताचा पहिला घांस घेण्यापूर्वीं विचारलें, "ती तुझी चाल कोणत्या प्रसंगासाठीं आहे रे ?" मित्राच्या एका लघुपटांत पहाटेची पहिली लोकल स्टेशनांत शिरते, त्यासाठीं ती आहे असें कळलें. जेवणानंतर दादांनीं तें दृश्य पाहिलें, चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, आणि पुन्हां एकदां ऐकली. "मला आवडली नाहीं," ते म्हणाले, "पण गाडी दिसण्यापूर्वींचा भाग तूं उगाच वाजवला आहेस. तेथें गप्प राहा." मुलानें थोडा विचार केला आणि तेवढा भाग काढून टाकला.