कथेपलीकडे पाहणारा प्रेक्षक

नव्याने प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचे जे परीक्षण वृत्तपत्रांत छापून येते, त्याचा मोठा भाग कथानक सांगण्यातच खर्ची पडतो आणि उरलेल्या चार ओळींत अभिनय, संगीत व छायाचित्रण यांवर शेरे मारून शेवटी तारे दिले जातात. गोव्याच्या पेडणे तालुक्यातील पार्से आणि आसपासच्या गावांत, जिथे जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक पाहण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, तिथल्या प्रेक्षकाला असे परीक्षण अपुरे वाटले तर नवल नाही. कारण आख्यानाचा शेवट त्याला आधीच ठाऊक असतो आणि तो रात्र जागवतो ती काय घडणार हे कळावे म्हणून नव्हे, तर ते कसे घडवले जाते हे पाहण्यासाठी.

दशावतारी नाटकाला बहुधा लिखित संहिता नसते. कथेचा आराखडा ठरवून नट संवाद तिथल्या तिथे रचतात, साथीला पेटी, पखवाज आणि झांज असते, तर एखादे बाकडे कधी सिंहासन होते, कधी रानातला खडक. गणपती, सरस्वती आणि संकासूर यांचा प्रवेश असलेला ‘आडदशावतार’ हा पूर्वरंग संपला की मुख्य आख्यान सुरू होते. मग युद्धाच्या प्रसंगी नटाचे पाऊल पखवाजाच्या बोलावर पडते की नाही, स्त्रीवेषातील पुरुषाने लाज की राग दाखवला, हे प्रेक्षक बारकाईने टिपतो. ही समीक्षाच होय, फक्त ती लिहिली जात नाही.

१२ सप्टेंबर २०२५ रोजी सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा या प्रेक्षकाची नजर कामी येण्याची संधी होती. वयाची ८१ वर्षे पूर्ण केलेल्या दिलीप प्रभावळकरांनी त्यात बाबुली मेस्त्री हा दृष्टी मंदावत चाललेला दशावतारी कलावंत उभा केला आहे आणि कथेच्या केंद्रस्थानी कोकणच्या जमिनीवर डोळा ठेवणारा खाणव्यवसाय आहे. पेडण्याला त्यातील कला ओळखीची, तर लोहखनिजाच्या खाणींचा डिचोली तालुका त्यातील संघर्ष जाणतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्याचे परिणाम डिचोलीत घरोघर जाणवले. वृद्ध नटाची भूमिकेवरची माया दाखवणारा पूर्वार्ध सूडाकडे वळणाऱ्या उत्तरार्धापेक्षा अधिक सकस आहे, हे मात्र स्पष्ट म्हटले पाहिजे.

तरीही रंगभूमीवर मुरलेल्या नजरेला चित्रपटाची आणखी दोन अंगे शिकून घ्यावी लागतात. कॅमेरा सुरू होऊन थांबेपर्यंतचा सलग तुकडा म्हणजे शॉट, आणि असे तुकडे निवडून, कापून, जोडण्याची क्रिया म्हणजे संकलन. जत्रेत प्रेक्षक अख्खा रंगमंच एकाच वेळी पाहतो व कुठे पाहायचे ते स्वतः ठरवतो, तर चित्रपटात ती निवड दिग्दर्शकाने आधीच केलेली असते. म्हणून ‘दशावतार’विषयी बोलताना नाचणारे पाय पडद्यावर किती वेळ टिकतात, चेहरा कधी जवळून दिसतो, पेटी-पखवाजाची जागा पार्श्वसंगीत कुठे घेते, हे प्रश्न विचारायला हवेत.

अशा चर्चेला गोव्यात जागा आहे. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत भरतो आणि तिथे चित्रपटांवर खुली चर्चाही होते. लक्ष्मीकांत शेटगांवकर यांच्या ‘पलतडाचो मनीस’ या कोंकणी चित्रपटाला २००९ च्या टोरांटो महोत्सवात आंतरराष्ट्रीय समीक्षक महासंघाचा पुरस्कार मिळाला. गोव्याच्या चित्रपटाची दखल जगाचे समीक्षक घेतात, पण पेडण्यातील जाणत्या प्रेक्षकाचे मत मात्र क्वचितच छापले जाते. गोव्यातील मराठी वृत्तपत्रांनी चित्रपट-परीक्षणाच्या स्तंभात या प्रेक्षकांना लिहिते करावे आणि गावोगावच्या वाचनालयांनी महिन्यातून एकदा तरी एखादा नवा चित्रपट दाखवून त्यावर चर्चा घडवावी.